पुढचं पान तुमचं कोण?

सोम., २ सप्टेंबर २००२

आजपासून कचेरीत उकळलेला चहा बंद. त्याच्या जागी गरम पाण्याचं यंत्र आणि दोऱ्याला बांधलेली कागदी पुडी. ही घटना कुठेतरी नोंदली जावी म्हणून ही वही उघडली. चहा हा उकळण्याचा पदार्थ आहे. भिजत घालतात ती मटकी. शिवाय तो दोरा कपाबाहेर लोंबतो आणि त्याच्या टोकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर छापलेलं: चहा. आत काय आहे हे बाहेर लिहून सांगावं लागतं, ह्यातच त्या पेयाचा कबुलीजबाब आला. पूर्वीचे दिवस असते तर वर्तमानपत्राला पत्र टाकलं असतं. 'एक त्रस्त चहाबाज, कर्वेनगर.'

वानखेडेपाशी निषेध नोंदवला. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, अकोल्याचा, माझा विद्यार्थी शोभेल एवढ्या वयाचा. "जाऊ द्या ना सर, चहावर काय शास्त्रार्थ करून राहिले!"

काम: शीतगृहाच्या सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक, आणि तेही मराठीत. शाळेत संस्कृतच्या तासिका आटल्या आणि मी इथे येऊन पडलो, त्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात इंग्रजीत 'क्लिक हिअर' लिहून लिहून बोटं झिजली. हे पहिलं मराठी काम. गंभीरपणे करायचं ठरवलंय. चहाशिवाय.

बुध., ४ सप्टें.

लेखन विभागात माणसं दोन. मी, आणि फरहाना शेख. ती कसबा पेठेतली, घराणं कधीपासून पुण्यात आहे ते त्यांनाही आठवत नाही. माझे आजोबा कोकणातून आले, म्हणून ती मला 'बाहेरगावचे' म्हणते.

आज तिने एक भारी चीज दाखवली. आमचं पुस्तक म्हणजे सुटी सुटी पानं, संगणकाच्या पडद्यावर उघडणारी. वाचणारा एका पानावरून दुसऱ्यावर जातो आणि हरवतो. तर म्हणे प्रत्येक पानाच्या डोक्यावर, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळी घालायच्या: पुढचं पान अमुक, मागचं तमुक, अनुक्रमणिका ही, शब्दार्थ इथे. पानापानांमधल्या ह्या नात्याला तिथे 'रेल' म्हणतात. रिलेशनचं लाडकं नाव. नवा फुकटचा ब्राउझर आलाय, तो ह्या ओळी वाचून वरच्या बाजूला बटणांची पट्टीच काढून देतो. नेक्स्ट, प्रीव्हियस, कंटेंट्स. पानं कितीही असोत, बटणं जागची हलत नाहीत. जुना ब्राउझर ह्या ओळींकडे ढुंकून पाहत नाही.

मी खुर्चीत सरसावून बसलो. अहो, ही तर संगती! आमच्या पाठशाळेतले शास्त्री प्रत्येक प्रकरणाच्या दारात उभं राहून विचारायचे: ह्याची मागच्याशी संगती काय? एचटीएमएलवाल्यांना हे कोणी सांगितलं?

फरहाना म्हणाली, "सर, तुमच्याकडे सगळंच आधी होतं. बटण तेवढं नव्हतं."

शनि., ७ सप्टें.

लोणी काळभोरला जाऊन आलो. शीतगृह सोलापूर रस्त्याच्या आत, शेतातून वाट. बटाटे, फुलं, थोडी द्राक्षं. गारवा अमोनियावर चालतो. नाकाला नुसती झुळूक लागली तरी डोळ्यांत पाणी. गळती झाली तर काय, हे मालकाचा पुतण्या मोजक्या शब्दांत म्हणाला: "मग पळायचं." तोच तिथला मॅनेजर.

यंत्रावरचा माणूस दत्तू काळभोर. दोन महिन्यांपूर्वी पोती उतरवायचा. जुना ऑपरेटर नोकरी सोडून गेला, ह्याला सातवी पास म्हणून वर बसवला. चढलेल्या जबाबदारीने जरा ताठ चालतो. बायकोने नवा शर्ट शिवून घ्यायला लावला म्हणे. मला विचारलं, "गुरुजी, पुस्तक मराठीत हाय न्हवं? मग काय बी काळजी न्हाई. तुमी लिवाल तसंच करनार मी. एक अक्षार इकडचं तिकडं न्हाई."

शाळेत एवढा आज्ञाधारक विद्यार्थी कधी मिळाला नाही.

गजर वाजला की संगणक आपोआप आपलं पुस्तक उघडणार, बरोबर त्या पानावर. तिथून पुढे दत्तूने फक्त नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं. हे वानखेडेचं डोकं. चांगलं आहे.

गुरु., १२ सप्टें.

घरी गौरी येणार म्हणून गडबड, कचेरीत वाद.

मी पानांच्या शीर्षकांतले क्रमांक काढून टाकले. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी हाताने डकवलेलं 'पुढे जा, मागे या' हेही. एकदा नातं सांगितलं की परत आकडा कशाला? पुनरुक्ती हा दोष आहे. सूत्रातली एक मात्रा वाचली तरी आनंद मानायचा, हा आम्हा व्याकरणवाल्यांचा पिढीजात रोग.

फरहाना: "राहू द्या ना सर नंबर. खात नाहीत काही."

मी: "ज्याच्या घरात सून आली त्याने दारावर 'येथे सून राहते' अशी पाटी लावावी का?"

ती हसली, पण पटलं नव्हतं. उद्यापासून आठ-दहा दिवस रजेवर, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. आठ प्रकरणांच्या रेलच्या ओळी तिने घातल्यात. नववं राहिलं, ते मी घालणार. गजराचं प्रकरण. निघताना दारातून वळून म्हणाली, "सर, दिशा लक्षात आहे ना? नातं कुठून कुठे ते?"

म्हटलं, "बाई, संबंधाला दोन टोकं असतात हे मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय."

"तेच म्हणते. टोकं दोन असतात."

सोम., १६ सप्टें.

नववं प्रकरण झालं. प्रत्येक पानापुढे क्षणभर थांबून त्याचं नातं ठरवलं, नामकरणासारखं. मजा आली.

आधी झडपेचं वंगण. मग सकाळची चाचणी: झडप अर्धी उघडून गळती पाहा. मग गजर वाजल्यास: माणसं बाहेर काढा. मग मुख्य झडप बंद करा. मग पंखे. मग फोन. भाषा सोपी, वाक्यं आखूड, एका पानावर एकच कृती. सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "अहो, घरी एवढं स्पष्ट बोलत जा."

माझ्या संगणकावर जुना ब्राउझर, पट्टी दिसत नाही. वानखेडेने त्याच्याकडे पानं उघडून पाहिली, सगळी उघडली. "मस्त होऊन राहिलं सर!" सीडी घेऊन गेला.

सोम., २३ सप्टें.

शनिवारी लोणीत सॉफ्टवेअर बसलं. आज दत्तूचा फोन, कचेरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "गुरुजी, लई भारी! नेक्स्ट दाबत जायाचं, बास!" वानखेडेने मला टाळी दिली. त्याला अशीच आणखी तीन शीतगृहं दिसू लागलीत.

फरहाना परत आली. आईला दिसायला लागलं. पहिलं काय पाहिलं तर भिंतीवरची जळमटं, आणि घरातल्या सगळ्यांना एकेक झाडू.

तिला म्हटलं, नववं प्रकरण बघतेस का एकदा? "बघते सर, हातातलं झालं की." दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम साचलंय तिच्याकडे. मीही आग्रह केला नाही. पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणावं तसं म्हटलं होतं.

गुरु., २६ सप्टें.

लोणीत काल गजर वाजला! खोटा होता. तारेवर ओल आली होती. दत्तू फोनवर फुगून सांगत होता. "म्या समद्यांना भाईर काढलं, तोंडाला फडकं बांधलं, नेक्स्ट दाबलं, आन् झडपेला हात लावनार तवर गजर आपोआप गप! येक मिनिट आनखी वाजला असता तर समदं करून दावलं असतं."

म्हटलं शाबास. खरोखरच शाबास. लेखकाचं सोनं झालं.

रवि., २९ सप्टें.

वडिलांची तिथी. पितृपक्षात गुरुजी मिळणं म्हणजे बँकेत सुटे मिळण्यासारखं. मिळाले ते तरुण, पायजम्याच्या खिशात मोबाइल, घाईत. वडील, आजोबा, पणजोबा झाले. मग आईकडचे. मग इतर आप्त. मामांचं नाव आलं.

"हे तुमचे कोण?"

माझं लक्ष खिडकीत बसलेल्या कावळ्याकडे. म्हणालो, "मी त्यांचा भाचा."

गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही त्यांचे कोण ते विचारलं नाही. ते तुमचे कोण? मातुल म्हणा. भाचा म्हणालात तर पाणी उलटं फिरायचं, जिवंत माणसाला तर्पण व्हायचं."

आतून सौ.चं हसू. "आणि हे म्हणे संस्कृत शिकवायचे!"

मीही हसलो. ओंजळीत पाणी, तीळ. आणि हसता हसता नववं प्रकरण आठवलं.

नवव्या प्रकरणात मी प्रत्येक पानाला नेमकं हेच विचारलं. तू कोणाचं पुढचं? 'माणसं बाहेर काढा' ह्या पानाला विचारलं. ते म्हणालं, मी सकाळच्या चाचणीचं पुढचं. म्हणून त्याच्या डोक्यावर लिहिलं: नेक्स्ट, सकाळची चाचणी. मी त्यांचा भाचा! आणि रेलला हवं असतं ते तुमचे कोण. त्या पानाचं नेक्स्ट म्हणजे त्याच्या नंतर येणारं पान. ब्राउझर बिचारा मी लिहिलंय तेच वाचतो: चाचणी हे माझं पुढचं पान.

म्हणजे दत्तू माणसं बाहेर काढणार. नेक्स्ट दाबणार. आणि पुढे येणार: झडप अर्धी उघडा, गळती होते का पाहा.

गुरुवारचं ते वाक्य. झडपेला हात लावनार तवर.

पान वाढलेलं होतं. खीर, वडे. जेवलो असं सौ. म्हणते.

लोणीला फोन केला. वाजत राहिला. रविवार. परत केला. दत्तूकडे मोबाइल नाही. पुतण्याचा नंबर कचेरीतल्या खणात. परत केला.

सोम., ३० सप्टें.

कचेरी उघडायच्या आधी दारात. फरहाना आली, तिच्या यंत्रावर नववं प्रकरण उघडलं. पट्टी दिसली. नेक्स्ट दाबलं. मागे गेलं. परत दाबलं. आणखी मागे, झडपेच्या वंगणावर. आशा होती की मलाच चुकीचं आठवतंय.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "नंबर असते तर दिसलं असतं," एवढंच म्हणाली, आणि ओळी फिरवायला बसली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "मीसुद्धा बघितलं नाही सर. तुम्ही सांगितलं होतं." मला तिने हे म्हणायला नको होतं.

तोवर लोणीला फोन लागला. उचलला तिथल्या कारकुनाने.

"दत्तूला निरोप द्या. गजर वाजला तर नेक्स्ट दाबू नकोस म्हणावं."

"मंग काय दाबायचं?"

"काहीच नाही. दाबायचंच झालं तर प्रीव्हियस."

"म्हंजी मागं जायाचं?"

"नाही हो, मागचं दाबलं की पुढे जातं."

"तुमी कुठनं बोलताय?"

"पुण्याहून."

"तरीच."

आयुष्यभर विभक्ती शिकवली आणि एक निरोप धड देता येईना.

वानखेडे आला. त्याला दाखवलं. आधी म्हणाला, "शुक्रवारी अपडेट म्हणून घेऊन जाऊ ना सर. आज बोंब मारली तर मालक म्हणेल, तुमचं सॉफ्टवेअरच उलटं."

मी म्हटलं, "आज."

"मी नाही म्हणून राहिलो का? मी म्हणतो, सांगायचं कसं ते..." बोलता बोलता त्याने स्वतः नेक्स्ट दाबलं. 'झडप अर्धी उघडा' आलं. त्याने हेल्मेट उचललं. "चला. स्कूटर काढतो."

हडपसरच्या पुढे तो एवढंच म्हणाला, "माझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रावर होता सर."

लोणीत पोचलो. दत्तू पाळीवर. नव्या सीडीने पानं बदलली, नेक्स्ट दाबून पाहिलं, पुढे गेलं. हुश्श झालं. मी दत्तूला समजावू लागलो की बाबा, आधीचं विसर, आता हे वाच. तर तो हसला.

"गुरुजी, मला आता कम्पूटर लागतच न्हाई. पाठ केलंय."

आणि हात बांधून, शाळेत उभं राहतात तसा, डोळे मिटून: "गजर वाजला की मानसं भाईर. मंग झडप अर्धी उघडायची. वास बघायचा. मंग वंगन." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शब्द माझेच. आखूड, स्पष्ट वाक्यं.

वानखेडेने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे.

विचारलं, "दत्तू, गळती असताना झडप उघडायची, हे तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पर म्हटलं आसंल काई कारान. तुमी शिकलेली मानसं."

मंगळ., १ ऑक्टोबर

परत लोणी. रजा टाकून, बसने. दत्तूला सुलट क्रम शिकवला. माणसं बाहेर, मुख्य झडप बंद, पंखे, फोन. दहा-बारा वेळा घोकून घेतलं. आमच्या पाठशाळेत क्रम पक्का व्हावा म्हणून तेच शब्द पुढून मागे, मागून पुढे म्हणायला लावत. एकदा तसं बसलं की ब्रह्मदेवाला हलत नसे. तोही प्रयोग केला. दत्तूला आवडला. भराभर म्हणू लागला.

संध्याकाळी कचेरीत येऊन फरहानाला कौतुकाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सर, त्याला आता उलट आणि सुलट दोन्ही पाठ आहे."

गुरु., ३ ऑक्टो.

क्रमांक परत आले. शीर्षकात मोठे, ठळक. तळाशी 'पुढे जा' सुद्धा आलं. रेलच्या ओळीही आहेत, सरळ. फरहानाने केलं, मी गुपचूप बसून पाहिलं. म्हणाली, "सुनेच्या दारावर पाटी लावली सर." म्हटलं, लाव, नावासकट लाव.

वानखेडे पेंटर घेऊन लोणीला गेला. दारावर एक, झडपेवर दोन, पंख्याच्या बटणावर तीन, लाल रंगात, परातीएवढे आकडे. हे त्याचं त्याला सुचलं. मालकाला काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाला, "खरं तेच सांगितलं. आमचं चुकलं म्हटलं. पुढच्या तीन ठिकाणांचं नावही काढून नाही राहिला आता तो." मग चहाच्या यंत्राकडे गेला आणि न पिताच परत आला.

शनि., ५ ऑक्टो.

पुतण्याला फोन केला. काही दिवस दत्तूला यंत्रावरून हलवा, दुसरा माणूस बसवा. चूक दत्तूची नाही, माझी, हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, दुसरा माणूस आत्ता कुठून आणू? दिवाळीनंतर बघू.

हे बोलणं दत्तूपर्यंत पोचलं, अर्धंच. दुपारी त्याचा फोन. आज आवाज कचेरीभर गेला नाही.

"गुरुजी, मला पोत्यांवर धाडायला सांगितलं तुमी?"

"तसं नाही रे दत्तू."

"माजं काय चुकलं? तुमी लिवलं तसंच केलं म्या."

उत्तर होतं. दिलं पण. तुझं काहीच चुकलं नाही, पुस्तक चुकलं, मी चुकलो. तो नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला. गुरुजी चुकतात हे पटण्यापेक्षा आपण चुकलो हे त्याला सोपं जात असावं. शेवटी म्हणाला, "रोज तुमाला म्हनून दावतो फोनवर. चुकलो तर मंग धाडा पोत्यांवर."

कबूल केलं. दुसरं काय करणार होतो?

सोम., ७ ऑक्टो.

काल अमावास्या झाली, पितृपक्ष संपला. आज घट बसले. सौ.ने विचारलं, एवढे गप्प का? म्हटलं, मामांना पाणी पोचलं का विचार करतोय. ती म्हणाली, "तुमच्या मामांना तहान कधीच नव्हती. दुसरं काहीतरी आहे." मग सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही टोमणा मारला नाही. त्याने जास्तच धसकलो.

दत्तूचा फोन वेळेवर. बरोबर म्हणाला.

गुरु., १० ऑक्टो.

चहाचं यंत्र बिघडलं. कोपऱ्यावरच्या टपरीतून उकळलेला आला, आल्याचा, कपाच्या कडेला साय. सगळे माझ्याकडे बघत होते की आता हा काही बोलेल. प्यायलो. तक्रार नाही.

दत्तूचा फोन. "म्हनू?"

"म्हण."

"गजर वाजला की मानसं भाईर. मंग..."

आणि थांबला. फोनच्या पलीकडे कॉम्प्रेसरची घरघर तेवढी. फरहाना टंकायची थांबली. वानखेडे दारात उभा.

"...मंग मुख्य झडप बंद. पंखे. फोन. बरोबर न्हवं?"

"बरोबर. थांबलास का रे मधे?"

"काय न्हाई गुरुजी. दोन्ही तोंडात आली, त्यातलं बराबर निवडलं."

शाबास म्हटलं. फोन ठेवला. फरहाना म्हणाली, "बरोबर म्हणाला ना सर?" हो म्हटलं. म्हणाली, "आणि तिथे लाल आकडे आहेत." हो म्हटलं. वानखेडे म्हणाला, "आणि पुतण्याला मी पुन्हा फोन लावून राहिलो." बरं म्हटलं.

इथे कोणी ऐकत नाही म्हणून लिहितो. नोकरी जाईल ह्याची मला भीती नाही. गेलेल्या गिऱ्हाइकांचीही नाही. भीती आहे ती त्या थांबण्याची. फोनवर, खुर्चीत बसून, मी पलीकडे असताना दत्तूला निवडायला वेळ मिळतो. गजर खरा असेल, डोळ्यांतून पाणी वाहत असेल आणि आत तो एकटाच असेल, तेव्हा निवडायला वेळ मिळणार नाही. तेव्हा माणसाला जे आधी पाठ झालं तेच आठवतं. हे मला कोणी शिकवायला नको, मी आयुष्यभर पाठच करून घेतलंय. आणि त्याला आधी पाठ झालं ते मी लिहिलेलं आहे.

मला फार भीती वाटते.